पाण्यात म्हैस, बाहेर मोल: जुनी मोटारबोट घेण्याआधी तिचा पल्ला स्वतः कसा काढावा

'पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल' ही म्हण जुन्या मोटारबोटीच्या सौद्याला जितकी चपखल बसते तितकी खुद्द म्हशीलाही बसत नसेल. बोट धक्क्याला बांधलेली, तिचा तळ पाण्याखाली, टाकी डेकच्या खाली बंद, आणि आपण भाव करत असतो तो जाहिरातीतल्या चार ओळींवर. त्यातली एक ओळ हमखास अशी असते: 'इंधन टाकी ३०० लीटर, पल्ला २७५ सागरी मैल.'

ही ओळ बहुतेक वेळा धडधडीत खोटी नसते, पण तिच्या भरवशावर समुद्रात जाणं धोक्याचं असतं. ती ओळ सोलून आतला खरा आकडा कसा काढायचा, ते पायरीपायरीने सांगतो. समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच बोट धरतो: साडेसात मीटर लांब, मागे २०० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड (बाहेरून टांगलेलं इंजिन), ३०० लीटरची टाकी. आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या बोटीचे वेगळे निघतील, हिशेबाची रीत तीच राहील.

पायरी १: आधी स्वतःची फेरी मांडा

बोट बघायला जाण्याआधी एका कागदावर तुमची नेहमीची फेरी लिहा. कुठून कुठे, किती सागरी मैल, किती माणसं, किती सामान, परत त्याच दिवशी की मुक्काम, वाटेत इंधन मिळतं का. अंतर नकाशावर मोजताना सरळ रेघ ओढू नका. खडक, उथळ जागा आणि जहाजांचे मार्ग टाळून बोट जशी जाईल तशी मोजा. हा कागद नसेल तर कुठलाही आकडा भरपूरच वाटतो.

पायरी २: ही बोट नक्की कोणती, ते ठरवा

तपशील शोधायचा तर मॉडेलचं नाव पुरत नाही. त्याच नावाची बोट कंपनी वर्षानुवर्षं बनवते, मधेच टाकीचं माप बदलते, तळाचा आकार बदलते, इंजिनाचे चार पर्याय देते. म्हणून आधी हलचा, म्हणजे बोटीच्या मूळ सांगाड्याचा, ओळख क्रमांक बघा. तो बहुधा ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीवर, उजव्या हाताला वरच्या बाजूला कोरलेला किंवा साच्यातच उठवलेला असतो. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून तो सक्तीचा आहे. तिथल्या १९८४ नंतरच्या बोटींवर तो १२ अक्षर-अंकांचा असतो. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची खूण, शेवटचे दोन अंक मॉडेल वर्ष, आणि त्याआधीचं अक्षर व अंक मिळून महिना आणि वर्ष. युरोपच्या बाजारासाठी बनलेल्या बोटीवर त्याच्या सुरुवातीला देशाची खूण लागते.

मालक '२००८ ची बोट' म्हणतो आणि क्रमांक २००६ सांगतो, असं झालं तर लगेच लबाडीचा ठपका ठेवू नका. उशिरा विकली गेलेली बोट विकत घेतल्याच्या वर्षाने ओळखली जाते. पण माहितीपत्रक शोधायचं ते २००६ चं.

युरोपात १६ जून १९९८ पासून बोटींना सीई खूण, म्हणजे तिथले सुरक्षेचे नियम पाळल्याची खूण, लागते. तिच्या पाटीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक वर्ग, जास्तीत जास्त माणसं आणि वजन लिहिलेलं असतं. सी वर्ग म्हणजे बोफोर्ट (वाऱ्याच्या जोराची मोजपट्टी) ६ पर्यंतचा वारा आणि २ मीटरपर्यंतची लाट. बी म्हणजे बोफोर्ट ८ आणि ४ मीटर. डी म्हणजे जवळजवळ शांत पाणी. पल्ल्याच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण डी वर्गातल्या बोटीची टाकी दोनशे मैल पुरली म्हणून ती दोनशे मैल न्यायची बोट होत नाही.

इंजिनाचा क्रमांक वेगळा लिहून घ्या. जुन्या बोटीवर इंजिन बदललेलं असण्याची शक्यता मोठी असते. तसं असेल तर कंपनीने त्या काळी दिलेल्या वेगाच्या आणि खपाच्या आकड्यांचा उपयोग फक्त अंदाजापुरता. नवं इंजिन जास्त ताकदीचं असेल, तर ट्रान्समवर किंवा पाटीवर लिहिलेली कमाल अश्वशक्ती ओलांडली नाही ना, तेही बघा. ओलांडली असेल तर मी तिथूनच परत फिरेन.

पायरी ३: माहितीपत्रक वाचा, पण एककांकडे लक्ष ठेवून

नवखे लोक इथेच सगळ्यात जास्त फसतात, आणि त्यांना फसवणारं कोणी नसतं.

सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. जमिनीवरचा मैल सुमारे १,६०९ मीटर. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल. पत्रकात नुसतं 'मैल' असेल तर तो कोणता? अमेरिकेतल्या अंतर्गत पाण्यावरच्या बोटींचे आकडे बऱ्याचदा जमिनीच्या मैलात असतात. तसं असेल तर २७५ मैलांचे २३९ सागरी मैल झाले. टाकी गॅलनमध्ये असेल तर अमेरिकी गॅलन ३.७८५ लीटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लीटरचा. 'ऐंशी गॅलन' म्हणजे एका हिशेबाने ३०३ लीटर आणि दुसऱ्याने ३६४. इतका फरक असला तर एखादी फेरी मधेच अडकते.

वजनाच्या रकान्यात 'कोरडं वजन' असतं. कोरडं म्हणजे इंधन नाही, पाणी नाही, माणसं नाहीत, नांगर नाही, आणि आउटबोर्ड बोटीच्या बाबतीत कित्येकदा इंजिनही नाही. २०० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक एकटंच सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतं. त्यावर ३०० लीटर पेट्रोल म्हणजे सुमारे २२० किलो (पेट्रोल लीटरला पाऊण किलोला किंचित कमी, डिझेल ०.८४ किलो), सहा माणसं साडेचारशे किलो, मग नांगर, साखळी, बॅटऱ्या, बर्फाची पेटी. कोरड्या बोटीपेक्षा टनभर जास्त वजन घेऊन आपण निघतो आणि पल्ला मात्र कोरड्या बोटीचा धरतो.

लांबीतही गंमत असते. पुढचा नांगराचा आधार आणि मागचा पोहायचा फळा धरून मोजलेली लांबी साडेसात मीटर असली, तरी पाण्याला टेकणारी लांबी साडेसहासुद्धा असू शकते. वेगाचा आणि खपाचा संबंध त्या दुसऱ्या लांबीशी असतो.

पायरी ४: कागदावर कमाल खप काढा

कोणताच तपशील मिळाला नाही तरी एक ढोबळ गणित हाताशी ठेवा. पूर्ण जोर लावला असताना फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन दर अश्वशक्तीला तासाला साधारण एक तृतीयांश लीटर जाळतं. डिझेल इंजिन साधारण एक पंचमांश. आपल्या २०० अश्वशक्तीला हे तासाला ६७ लीटर होतात, आणि प्रत्यक्षात ७०-७५ पर्यंत गेले तर नवल नाही. कार्ब्युरेटरचं जुनं टू-स्ट्रोक याहून बरंच जास्त पितं, आणि मधल्या वेगांना तर त्याची तहान फारच वाढते. बोट स्वस्तात मिळते आहे आणि मागे जुनं टू-स्ट्रोक आहे, तर त्या स्वस्ताईचे पैसे पुढे इंधनाच्या पंपावर जातात.

हा झाला कमाल खप. तसं कोणी दिवसभर चालवत नाही. पण मालक म्हणाला, 'पूर्ण वेगात तासाला तीस लीटर', तर त्याने कधी मोजलेलं नाही एवढं तुम्हाला तिथल्या तिथे कळतं.

पायरी ५: एक आकडा नको, रांग मागा

पल्ला म्हणून बोटीचा एकच आकडा नसतो. प्रत्येक वेगाला वेगळा पल्ला असतो. म्हणून 'किती जाते?' हा प्रश्न सोडून द्या आणि 'या वेगाला एका सागरी मैलाला किती लीटर?' हा विचारा. तासाचे लीटर भागिले नॉट, एवढंच ते गणित आहे. इंजिन बनवणाऱ्या कंपन्या आणि नौकाविषयक मासिकं चाचणीचे तक्ते छापतात, त्यात आरपीएमनुसार, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांनुसार, वेग आणि खप दिलेला असतो. तुमचीच हल आणि तुमचंच इंजिन अशी जोडी मिळाली तर उत्तम. नाही तर जवळच्या लांबी-वजनाची बोट आणि तेच इंजिन घ्या.

आपल्या उदाहरणातल्या बोटीची रांग अशी धरू:

१,५०० आरपीएम: ५.५ नॉट, तासाला ६ लीटर, मैलाला १.०९ लीटर
२,५०० आरपीएम: ९ नॉट, तासाला २० लीटर, मैलाला २.२२ लीटर
३,५०० आरपीएम: २० नॉट, तासाला ३० लीटर, मैलाला १.५ लीटर
४,००० आरपीएम: २५ नॉट, तासाला ३६ लीटर, मैलाला १.४४ लीटर
५,००० आरपीएम: ३३ नॉट, तासाला ५७ लीटर, मैलाला १.७३ लीटर
५,८०० आरपीएम: ३८ नॉट, तासाला ७४ लीटर, मैलाला १.९५ लीटर

दुसरी ओळ नीट बघा. ९ नॉट हा काही मोठा वेग नाही, तरी मैलाला सगळ्यात जास्त पेट्रोल तिथेच जातं. पूर्ण वेगापेक्षाही जास्त. ही प्लेनिंग हल आहे, म्हणजे पुरेसा वेग आला की पाण्यावर उचलून घसरणारी. हळू चालते तेव्हा ती पाणी कापत जाते, वेगात पाण्यावर चढते, आणि या दोहोंच्या मधे तिचं नाक आकाशाकडे, शेपूट खाली आणि मागे मोठी लाट. आपल्याच लाटेचा चढ ती चढत असते. भरलेली बोट खराब समुद्रात नेमकी या मधल्या वेगात अडकते: वेगात न्यावी तर आपटते, हळू न्यावी तर रात्र होते. खराब हवेत पल्ला का आटतो याचं मोठं कारण हेच.

आणि जाहिरातीतले २७५ मैल? ते पहिल्या ओळीतून आले आहेत. ३०० लीटर, तासाला ६, म्हणजे ५० तास. ५० तास ५.५ नॉटने, झाले २७५. टाकी शेवटच्या थेंबापर्यंत कोरडी करून, वाऱ्याशिवाय, दोन दिवस आणि दोन तास न थांबता. हिशेब चोख आहे, फक्त असा प्रवास कोणी करत नाही.

डिस्प्लेसमेंट हलची, म्हणजे कायम पाणी कापतच चालणाऱ्या जड बोटीची, गोष्ट वेगळी. तिच्या वेगाला जलरेषेची लांबी वेसण घालते. मीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ काढून त्याला २.४३ ने गुणा. ९ मीटरला सुमारे ७.३ नॉट. त्यापुढे ढकलायला गेलात तर इंधन जळतं, वेग वाढत नाही. उलट वेग दहा टक्के कमी केला तर तासाचा खप ढोबळमानाने पाव भागाने उतरतो. लांब जायचं असेल आणि घाई नसेल, तर माझं मत अशा डिझेल बोटीला.

पायरी ६: टाकीकडे संशयाने बघा

माझ्या पहिल्या बोटीचा इंधनाचा काटा अर्ध्यावर होता. मी अर्ध्या टाकीचा हिशेब करून निघालो. परतताना काटा पाववर असताना लाटेवरून बोटीचं नाक खाली गेलं, इंजिन खोकलं, सावरलं, पुन्हा खोकलं. नाक खाली गेलं की उरलंसुरलं पेट्रोल टाकीत पुढे धावत होतं आणि मागच्या टोकाला असलेली ओढनळी हवा चोखत होती. पोचलो तो हळूहळू, नाक वर राहील असं सगळ्यांना मागे बसवून.

नंतर टाकी उघडून बघितली तेव्हा उलगडा झाला. बोटीचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा, म्हणून टाकीही तशीच. काट्याला जोडलेला तरंगता गोळा खोली मोजतो, लीटर मोजत नाही. टाकी पुरती टोकदार व्ही असेल तर अर्ध्या खोलीवर इंधन अर्धं नसतं, पाव असतं. पाव खोलीवर तर सोळावा हिस्सा. खऱ्या टाक्या इतक्या टोकदार नसतात, पण दिशा हीच. काटा आधी रेंगाळतो आणि शेवटी भसकन खाली येतो.

म्हणून विचारायच्या गोष्टी:

टाकी मूळचीच आहे की बदललेली? डेकखालच्या ॲल्युमिनियमच्या टाक्या, विशेषतः फोममध्ये गाडलेल्या, बाहेरून ओल धरून गंजतात. त्या काढायला डेक कापावा लागतो, आणि कमी कापाकापीत आत जाईल अशी लहान टाकी बसवून काम उरकलेलं असू शकतं. पत्रकात ३००, पोटात २४०. टाकी दिसत असेल तर टेप लावा: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागलं की लीटर. निमुळत्या बाजूंसाठी थोडं वजा करा.

तळाशी पाणी आहे का? सेंडरचं, म्हणजे टाकीतली पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाचं, झाकण उघडता येत असेल तर मालकाच्या परवानगीने एक स्वच्छ लाकडी पट्टी सरळ तळापर्यंत सोडा. तिच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावलेली असेल तर पाणी लागलं तिथपर्यंत रंग बदलतो. वर काढल्यावर पट्टीचा ओला भाग लगेच पेन्सिलने आखून घ्या, पेट्रोल बघता बघता उडून जातं. त्याच वेळी काटा काय दाखवतो तेही लिहा. आणि हे सगळं करण्याआधी: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते. झाकणं उघडी, हवा खेळती, ठिणगी उडेल अशी कुठलीही गोष्ट बंद. इथे गडबड नको.

डिझेलच्या टाकीत पाणी असलं की पाणी आणि डिझेलच्या सांध्यावर सूक्ष्मजीव वाढतात. फिल्टरमध्ये काळा, बुळबुळीत गाळ दिसला तर समजा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आपल्यात पाणी ओढून घेतं, आणि प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर खाली बसतो. ओढनळीचं तोंड नेमकं तिथेच असतं.

एवढं झाल्यावर टाकीच्या आकड्यातून किमान दहा टक्के कापा. नळी तळापर्यंत पोचत नाही आणि लाटेत हवा ओढते. आपले ३०० लीटर झाले २७०.

पायरी ७: पंखा काय सांगतो

प्रोपेलरच्या मधल्या भागावर किंवा पात्याच्या बुडाशी दोन आकडे ठोकलेले असतात: व्यास आणि पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे घट्ट पदार्थातून स्क्रू जावा तसा पंखा एका फेऱ्यात किती पुढे सरकेल ते. पाणी घट्ट नसल्याने थोडं निसटतं.

ते निसटणं मोजता येतं. इंजिनाचे आरपीएम भागिले गिअरचं प्रमाण, गुणिले पिच, भागिले १,२१५. उत्तर नॉटमध्ये. ५,८०० आरपीएम, गिअर १.८६, पिच १७: जवळजवळ ४३.६ नॉट. प्रत्यक्ष ३८ मिळाले, म्हणजे १३ टक्के निसटले. अशा वेगवान बोटीला पूर्ण वेगात दहा ते वीस टक्के ठीकच. तीस-पस्तीस निघाले तर तळावर शिंपले आहेत, पात्याला मार बसला आहे, किंवा कोणी भलताच पंखा बसवला आहे.

दुसरी खूण आणखी सोपी. इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला किती ते किती आरपीएम यायला हवेत हे दिलेलं असतं, समजा ५,००० ते ६,०००. नेहमीच्या वजनासह इंजिन ४,६०० लाच अडलं तर ते बैलाला ओझं जास्त झाल्यासारखं आहे. पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, तेव्हा पंखा बदलून हे सुटेलही. पण पंखा बरोबर असून असं होत असेल तर दोष इंजिनात किंवा वजनात शोधायला हवा. मालक 'नुसता पंखा बदला' म्हणाला, तर बदलून दाखवायला सांगा.

पायरी ८: पाण्यावर चाचणी

चाचणीचा दिवस निवडताना मी थोडी लाट असलेला दिवस पसंत करतो. आरशासारख्या पाण्यावर प्रत्येक बोट गुणी असते. शक्यतो तुमच्या कागदावर लिहिली होती तितकी माणसं घ्या. मित्र मिळत नसतील तर पाण्याने भरलेले कॅन; वीस लीटरचा कॅन म्हणजे वीस किलो.

वेग जीपीएसने बघा. बोटीचं स्वतःचं स्पीडोमीटर चाकाच्या किंवा पाण्याच्या दाबावर चालतं, त्यावर विसंबू नका. प्रत्येक आरपीएमला एकाच रेषेवर जाताना आणि लगेच उलट येताना वेग टिपा आणि दोन वेगांची सरासरी काढा. जाताना २६.२, येताना २१.८, तर २४ नॉट. प्रवाहाचा फायदा-तोटा वजा होतो. दोन फेऱ्यांचा वेळ बेरजेला घेऊन सरासरी काढलीत तर उत्तर कमी येतं, कारण उलट प्रवाहात बोट जास्त वेळ असते.

खपासाठी फ्लो-मीटर (नळीतून जाणारं इंधन मोजणारं यंत्र) असेल तर काम सोपं. आधुनिक इंजिनं इंजेक्टरच्या हिशेबावरून खप स्क्रीनवर दाखवतात, तोही आकडा चालतो, पण एकदा तरी पंपाशी ताडून बघावा. डिझेल इंजिन न जळलेलं इंधन टाकीत परत पाठवतं, म्हणून तिथे जाणारं आणि परतणारं असे दोन सेन्सर लागतात. एकच असेल तर तो आकडा बिनकामाचा.

मीटर नसेल तर टाकीच्या तोंडापर्यंत भरून निघा, ठरलेल्या आरपीएमला चालवा, परत त्याच पंपाला, बोट त्याच बाजूने बांधून, त्याच खुणेपर्यंत भरा. किमान साठ-सत्तर लीटर जळतील इतकं चालवा. वीस लीटरवर भरताना दोन लीटर इकडेतिकडे झाले तर दहा टक्के चूक तिथेच. इंधनाचे पैसे मी देतो म्हणा. मालक याला सहसा नाही म्हणत नाही. म्हणाला तर ते उत्तरही टिपून ठेवा.

इंजिनाचा संगणक वाचता येत असेल तर जाणकार मेकॅनिककडून वाचून घ्या. एकूण तास आणि त्यातले किती तास कोणत्या आरपीएमला गेले हे त्यात कळतं. 'सरासरी तासाला १२ लीटर' असं तिथे दिसलं तर हुरळून जाऊ नका. त्यात मासे धरत मंद सोडलेले तासही आहेत. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, याच फेरीत मोजून घ्या. कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांत दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक फरक असेल तर बाकीचं गणित बाजूला ठेवून आधी त्यावर बोला.

पायरी ९: आता आकडेमोड

चाचणीत, भरल्या बोटीला, आपल्याला मिळालं ते असं समजू: ४,००० आरपीएमला २४ नॉट, तासाला ४१ लीटर. मैलाला १.७१. छापील तक्त्यात १.४४ होते, तो तक्ता स्वच्छ तळ, दोन माणसं आणि थोडंसं इंधन घेऊन काढलेला होता.

वापरता येणारे २७० लीटर भागिले १.७१, म्हणजे १५८ मैल. हाही अजून तुमचा पल्ला नाही. बोटवाल्यांचा जुना नियम तिहाईचा आहे: एक तृतीयांश जायला, एक यायला, एक राखीव. ९० लीटर जायला, ९० भागिले १.७१, बावन्न-त्रेपन्न मैल. जाहिरातीतल्या २७५ मैलांचे, परत यायचं असेल तर, ५२ उरले.

राखीव तिहाई कुठे जाते ते बघा. परतताना ३ नॉटचा प्रवाह तोंडावर आला तर २४ चे २१ नॉट राहतात, खप ४१ लीटरच. मैलाला १.९५. त्याच ५२ मैलांना आता १०१ लीटर लागले, म्हणजे राखीवमधून अकरा गेले. वारा उलटा झाला, बोट त्या ९ नॉटच्या मधल्या वेगात अडकली, तर मैलाला सव्वादोनच्या आसपास: ११५ ते १२० लीटर. एखादा फेरा चुकला, कोणाला ओढून आणावं लागलं, तर राखीवची निम्मी तिहाई संपलेली असते. आणि कमी इंधन लागतं म्हणून ५.५ नॉटने परत यावं म्हटलं, तर ३ नॉटच्या प्रवाहाविरुद्ध जमिनीशी वेग उरतो अडीच नॉट. ६ भागिले २.५, मैलाला २.४ लीटर. शांत पाण्यात सगळ्यात काटकसरीचा असलेला वेग प्रवाहात २४ नॉटपेक्षाही उधळ्या ठरतो.

हा ५२ चा आकडा पहिल्या पायरीतल्या कागदाशेजारी ठेवा. तुमचा लांबचा पल्ला ४० मैल असेल तर बोट पुरते. ६० असेल तर जादा कॅन, वाटेत पंप, मोठी टाकी किंवा दुसरी बोट, यातलं काहीतरी आत्ताच ठरवा. कॅनचा विचार करत असाल तर बोटीसाठी बनवलेले, बाहेर हवेशीर जागी घट्ट बांधता येणारेच घ्या. केबिनमध्ये पेट्रोलचा कॅन ठेवायचा नाही.

पायरी १०: मालकाशी बोलताना

चाचणीची वही उघडी ठेवून बोला. 'तुमच्या जाहिरातीत २७५ आहे' म्हणून भांडण्यात अर्थ नाही. बहुतेक मालकांनी तो आकडा मागच्या मालकाकडूनच उचललेला असतो. त्यापेक्षा विचारा: शेवटचं लांब कधी गेला होता, निघताना किती भरलं, आल्यावर किती भरलं. ज्याने खरंच बोट चालवली आहे तो थोडा विचार करून सांगतो आणि कुठेतरी एक डाग पडलेली वही काढतो. ती वही बघायला मिळाली तर सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा तिला जास्त मान द्या.

भाव खाली आणायला उपयोगी पडतात त्या दाखवता येणाऱ्या गोष्टी: आरपीएम न गाठणारं इंजिन, पत्रकापेक्षा लहान टाकी, पट्टीवर रंगलेलं पाणी. हलची ओल आणि डेकची सड मात्र तज्ज्ञ सर्व्हेयरकडूनच तपासून घ्या. ओलावा शोषलेली हल वजनाने वाढलेली असते, आणि ते वजन आपण वर काढलेल्या १.७१ मध्ये आधीच मोजलं गेलेलं असू शकतं.

बोट घेतलीत तर पहिल्या दहा-बारा फेऱ्या प्रत्येक वेळी भरलेले लीटर, धावलेले मैल आणि इंजिनाचे तास लिहा. टाकी जवळजवळ रिकामी असताना दहा-दहा लीटर भरत जा आणि प्रत्येक वेळी काटा कुठे आला त्याची खूण पॅनेलवर चिकटपट्टी लावून करा. माझ्या बोटीच्या पॅनेलवर ती पट्टी अजून आहे, आणि तिच्यावरची अर्ध्याची खूण छापील अर्ध्यापेक्षा बरीच वर आहे.